लाखाची दुर्बीण की तीन लाखांची? निकॉन मोनार्क एचजी 8×42 च्या वापरानंतरचा अनुभव

पक्षिनिरीक्षणासाठी लाखाच्या आसपासची दुर्बीण घ्यावी का, आणि घ्यायचीच तर आणखी पैसे घालून थेट युरोपातली सर्वोत्तम दुर्बीण का घेऊ नये, हे दोन प्रश्न नाशिकच्या आमच्या पक्षिमित्रांमध्ये दर हिवाळ्यात निघतात. मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस निकॉनची मोनार्क एचजी 8×42 घेतली. तेव्हापासून ऊन तापू लागेपर्यंत ती नांदूरमध्यमेश्वर, गंगापूर धरणाचा काठ आणि अंजनेरी अशा तिन्ही ठिकाणी सतत गळ्यात होती. माझ्या एका स्नेह्यांकडे स्वारोव्स्की या युरोपीय कंपनीची एनएल प्युअर 8×42 आहे. तिची किंमत माझ्या दुर्बिणीच्या तिपटीच्या घरात जाते. त्यांच्या औदार्यामुळे एकाच मनोऱ्यावर, एकाच प्रकाशात, एकाच पक्ष्यावर दोन्ही दुर्बिणी आळीपाळीने लावून पाहता आल्या. पुढील मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत.

आधी आकड्यांविषयी लिहितो, कारण खरेदीच्या वेळी सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. 8×42 मधला 8 हा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, आकडा आणि 42 हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. 42 ला 8 ने भागले की 5.25 येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणारी प्रकाशाची शलाका इतके मिलिमीटर रुंद असते. 10×42 मध्ये तीच 4.2 मिलिमीटर होते. दुपारच्या लख्ख उजेडात आपली बाहुली आकसलेली असल्याने हा फरक जाणवत नाही. परंतु डिसेंबरात निफाडकडचा पारा उतरलेला असताना, पाण्यावर धुके असताना आणि सूर्य उगवायचा असताना तो स्पष्ट जाणवतो. उलट 8×56 घेतली तर शलाका 7 मिलिमीटरची होते. पन्नाशीच्या आसपास बाहुली बहुधा तितकी उघडत नाही, म्हणून तो जादा प्रकाश वाया जातो आणि वजन मात्र गळ्याला पडते. वर्धन वाढले की हाताची थरथरही तितकीच वाढते, शिवाय दृश्याची रुंदी घटते. मोनार्क एचजीच्या 8×42 मध्ये 1000 मीटरवर 145 मीटर रुंदीचे दृश्य मिळते, तर तिच्याच 10×42 मध्ये सुमारे 121 मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा फरक चाळीस टक्क्यांच्या वर जातो. पाणकणसांच्या दाटीतून एकदम उठलेला दलदल भोवत्या पकडायचा असेल, तर हे क्षेत्रफळ आठाऐवजी दहाच्या वर्धनापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

आता पैसे नेमके कशाचे मोजावे लागतात ते पाहू. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय तयार झाला. 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. गाळाने उथळ झालेल्या या पाण्यात चक्रवाक, थापट्या, हळदीकुंकू बदके आणि वारकरी यांची एवढी गर्दी असते की पक्षी दिसण्यासाठी महाग दुर्बीण लागत नाही. ती लागते पक्षी ओळखण्यासाठी. चिखलाच्या पट्ट्यावर धावणाऱ्या दोन चिमुकल्या पक्ष्यांपैकी एकाचे पाय काळे आहेत की पिवळट, यावर तो छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा हे ठरते. चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे दिसले, तर तो छोटा कंठेरी चिखल्या. माझ्या जुन्या, पंधरा हजारांच्या आतल्या दुर्बिणीतून ते कडे आहे असे वाटायचे. मोनार्क एचजीतून ते दिसते, आणि त्याची जाडीही दिसते. 'वाटणे' आणि 'दिसणे' यांच्यातल्या या अंतरासाठीच मी पैसे मोजले आणि ते सार्थकी लागले.

या फरकामागे तीन कारणे आहेत. पहिले ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेचे. पाणकावळा पांढुरक्या आभाळासमोर वाळक्या फांदीवर पंख पसरून बसला की साध्या दुर्बिणीत त्याच्या कडेने जांभळी-हिरवट रेघ उमटते, कारण निरनिराळ्या रंगांचे किरण भिंगातून जाताना एकाच जागी केंद्रित होत नाहीत. ईडी काच हा दोष बराच आवरते. एचजीमध्ये दृश्याच्या मधल्या भागात मला ही रेघ शोधूनही सापडली नाही. दुसरे कारण प्रिझमवरच्या लेपांचे. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत प्रकाश छपरासारख्या आकाराच्या प्रिझममधून जाताना दोन भागांत विभागला जातो. ते भाग पुन्हा नीट जुळावेत यासाठी कला-दुरुस्तीचा (फेज करेक्शनचा) लेप लागतो, आणि परावर्तनात प्रकाश कमी गळावा यासाठी डायइलेक्ट्रिक लेप लागतो. हे दोन्ही लेप आता मधल्या किमतीच्या दुर्बिणींतही येतात, त्यामुळे केवळ त्यांच्या नावावर कोणी जादा किंमत सांगत असेल तर सावध राहावे. तिसरे कारण दृश्य कडेपर्यंत सपाट ठेवणाऱ्या भिंगांचे. ही मात्र आजही प्रामुख्याने वरच्या किमतीतच मिळतात. बदकांचा थवा डावीकडून उजवीकडे मोजत जाताना दृश्याच्या कडेला असलेले बदकही बदकासारखे दिसणे किती सोयीचे असते, हे गणनेला बसल्यावर कळते.

चष्मा वापरणाऱ्यांनी आय रिलीफचा, म्हणजे नेत्रिकेपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते त्या अंतराचा, आकडा आधी पाहावा, बाकीचे नंतर. एचजी 8×42 मध्ये तो 17.8 मिलिमीटर आहे. नेत्रिकेचे कप पूर्ण खाली करून मला चष्म्यासह सगळे वर्तुळ दिसते. उजव्या डोळ्याच्या फरकासाठीचे डायॉप्टरचे कडे एकदा लावले की कुलूपबंद होते आणि पिशवीतून काढताना सरकत नाही. ही बारीक सोय रोज उपयोगी पडते. वजन 665 ग्रॅम आहे. अंजनेरीच्या कड्यांवरची लांब चोचीची गिधाडे पाहण्यासाठी वर चढताना ते वजन मानेला कधी जड वाटले नाही.

पावसाचा प्रश्न आमच्याकडे मोठा आहे. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात ज्याची दुर्बीण हवाबंद नसते, त्याच्या भिंगांत आज ना उद्या बुरशी शिरते. माझ्या एका जुन्या दुर्बिणीची तशी गत झाली, आणि दुरुस्तीच्या खर्चात नवी आली असती. नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत आतून वाफ धरत नाही. गार गाडीतून दमट हवेत काढली की बाहेरून मात्र कोणत्याही किमतीची दुर्बीण धुकटते. गाडीची काच खाली करून तिला पाच-दहा मिनिटे बाहेरच्या हवेची सवय होऊ देणे हाच त्यावर उपाय आहे. कोरड्या फडक्याने भिंग चोळू नये, कारण धुळीचा एक कण लेपावर कायमची रेघ ओढतो. आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे.

आता तीन लाखांच्या दुर्बिणीकडे येतो. एनएल प्युअर 8×42 मध्ये 1000 मीटरवर 159 मीटर रुंदीचे दृश्य मिळते, म्हणजे माझ्या दुर्बिणीच्या मानाने क्षेत्रफळ सुमारे वीस टक्के अधिक. डोळ्याला लावताच दृश्याची चौकट जणू नाहीशी होते. कडेपर्यंतची स्पष्टता आणि सूर्याकडे तोंड करून पाहतानाची स्वच्छता यांत ती सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मधोमध कंबर असलेल्या नळ्यांमुळे पकडही उत्तम बसते, आणि वेगळा मिळणारा कपाळटेकू लावला की हात आणखी स्थिर राहतात. वजन 840 ग्रॅम आहे; म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत जाणवतो, पण समतोल चांगला असल्याने वाटतो त्याहून कमी. ती हातात घेतल्यावर परत द्यावीशी वाटत नाही, हेही खरे.

तथापि ओळखीच्या कसोटीवर गोष्ट वेगळी ठरली. मनोऱ्यावरून ज्या टिलव्याचे पाय मला माझ्या दुर्बिणीतून समजले नाहीत, त्याचे पाय एनएल प्युअरमधूनही समजले नाहीत. वर्धन आठचे ते आठच. चारशे-पाचशे मीटरवरच्या पक्ष्यापुढे उत्तम काचही हात टेकते. पंधरा हजारांवरून लाखावर आल्यावर मला नवे पक्षी ओळखता आले, लाखावरून तीन लाखांवर गेल्यावर ओळखता आलेले पक्षी अधिक सुंदर दिसले. ज्यांचा बहुतेक वेळ जंगलात, जवळच्या पक्ष्यांवर आणि अंधुक प्रकाशात जातो, त्यांना ते सौंदर्य किमतीइतके मोलाचे वाटू शकते. ज्यांचे मुख्य ठिकाण नांदूरमध्यमेश्वरसारखा उघडा जलाशय आहे, त्यांनी वरचे दोन लाख दुर्बिणीत घालू नयेत, असे माझे मत झाले आहे.

ते पैसे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची जास्त वर्धनाची एकनळी दुर्बीण, आणि चांगली तिपाई यांत घालावेत. त्याच मनोऱ्यावर दुसऱ्या एका निरीक्षकाच्या 20 ते 60 पट वर्धनाच्या स्कोपमधून तीस पटीवर त्या टिलव्याचे पिवळट पाय क्षणात दिसले. साठपर्यंतच्या पटीला मात्र भुलू नये. 80 मिलिमीटरच्या भिंगावर 60 पट लावले की प्रकाशाची शलाका जेमतेम 1.3 मिलिमीटरची उरते, आणि दहा वाजल्यानंतर तापू लागलेल्या हवेची थरथर पक्ष्याचा आकारच मोडून टाकते. कामाची पट्टी 25 ते 40 ची. तिपाई हलकी घेतली तर पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात सगळेच हलते, म्हणून स्कोपच्या रकमेतून तिचा वाटा आधीच बाजूला काढावा.

नाशिकमध्ये या दर्जाच्या दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवून दाखवणारे दुकान मला सापडले नाही. दुकानातल्या दिव्यांत सगळ्याच छान दिसतात, त्यामुळे घेण्यापूर्वी कोणाच्या तरी दुर्बिणीतून सूर्योदयाच्या आधीची वीस मिनिटे आणि सूर्याच्या दिशेचे पाणी या दोन्ही गोष्टी स्वतः पाहाव्यात. विक्रेत्याला हमीपत्र भारतातले आहे की परदेशातले हेही लेखी विचारावे, कारण स्वस्तात बाहेरून मागवलेल्या एका वस्तूच्या दुरुस्तीसाठी आमच्या गटातल्या एकांना संपूर्ण हिवाळा वाट पाहावी लागली. मी स्वतः मोनार्क एचजी बदलणार नाही. येत्या हंगामापूर्वी 65 मिलिमीटरचा, तिरप्या नेत्रिकेचा स्कोप घेण्याचा विचार आहे, कारण मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना तो तिपाई न हलवता वापरता येतो.