नाना पेठेतले चाचा आणि बाबांचं सीगल

बाबांचं ब्रिटिश सीगल, म्हणजे होडीला बाहेरून लावायचं इंजिन, दाभोळच्या खाडीत चालायचं तेव्हा मी शाळेत होते. फॉर्टी प्लस मॉडेल, 64 सीसी. होडीच्या मागे अडकवायचं, उघड्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. गेली दोन वर्षं मात्र ते कोथरूडला आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी उभं होतं. पाण्याच्या ड्रममध्ये धरून दोरी ओढली की सुरू व्हायचं, पाच मिनिटं फटफटायचं आणि मरायचं. एका गॅरेजवाल्याने "कार्बोरेटरच बदला" म्हणून सांगितलं, आणि जाता जाता पेट्रोलच्या नळात सिलिकॉन भरून ठेवलं.

मग नाना पेठ. बुलेट-जावाचे जुने कार्बोरेटर करणारं दुकान, पाटी नाही. दारावर लटकणाऱ्या केबलच्या माळा हीच खूण. रिक्षावाल्याने इंजिनाचे वीस रुपये जास्त घेतले. दुकानातले चाचा इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, पाण्यात बुडून आलेल्या गाड्या खूप पाहिल्या. पाण्यात चालणारी ही पहिलीच."

कार्बोरेटर मात्र त्यांच्या ओळखीचा निघाला. अमल कंपनीचा, जुन्या बुलेटच्याच घराण्यातला, टिकलरसकट (सुरू करण्याआधी पेट्रोल भरायला दाबायची बारकी खुंटी). त्यांनी त्याची पेट्रोल साठणारी वाटी सोडवून आतलं पेट्रोल चहाच्या ग्लासात ओतलं आणि उजेडात धरलं. वर पिवळसर, तळाशी बोटभर वेगळा थर. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. फार पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. इंजिन पावसाळाभर बाल्कनीत, टाकी अर्धी. वाटीच्या आतून पांढरी भुकटी धरली होती. चाचांनी ती ब्रशने हळू काढली, जेटमधून (पेट्रोल जायच्या बारीक भोकातून) तार न घालता नुसती हवा मारली. तारेने भोक मोठं होतं, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला नळावर. हा नळ फिरवायचा नसतो, ढकलायचा-ओढायचा असतो, आणि आत बुचाचा इवलासा दट्ट्या असतो. कोरडा पडला की आकसतो आणि मग पेट्रोल झिरपतं. सिलिकॉन खरवडून झाल्यावर चाचांनी समोरच्या टपरीवरून अर्धा ग्लास उकळतं पाणी मागवलं ("पत्ती नको रे!") आणि बूच त्यात टाकलं. अर्ध्या तासात फुगलं. नवीन काहीही न बसवता गळती थांबली.

तरी पाच मिनिटांनी मरायचंच. गल्लीतल्या निळ्या ड्रममध्ये इंजिन धरून पोरगा दोरी ओढत होता. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर चाचांनी टाकीच्या झाकणावरचा बारका पितळी स्क्रू दोन आटे सोडला. फुस्स झालं. या इंजिनाला पंप नाही, पेट्रोल वरून आपोआप उतरतं. वरून हवा शिरली नाही तर उतरणार कसं? प्रवासात सांडू नये म्हणून तो स्क्रू घट्ट करायचा असतो. बाबांनी दाभोळहून निघताना केला होता, आणि दोन वर्षं कोणी उघडलाच नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलावरून थोडा वाद झाला. जुन्या चेतक स्कूटरला लिटरमागे 20 मिली. मी 100 म्हटल्यावर चाचांना वाटलं मला दशांश कळत नाही. पण जुन्या सीगलला 10 भाग पेट्रोलला 1 भाग तेलच लागतं, आतला फिरता दांडा (क्रँक) बेअरिंगऐवजी साध्या बुशांत फिरतो. धूर होतो, होऊ दे. शेजारच्या हेल्मेटवाल्याने मात्र शटर अर्धं ओढलं.

बिल 900 रुपये, कागद नाही, "परवा या"चे नऊ दिवस झाले. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं. गाडी घेऊन तर कधीच जाऊ नका.

दुकानाचा पाचातला एक तारा कापतेय तो पेट्रोलच्या पाइपसाठी. त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा बसवला, तीन आठवड्यांत पिवळा आणि काडीसारखा कडक. मी आता फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा काळा पाइप लावलाय. तुम्ही जाल तेव्हा तो आधीच घेऊन जा, वीतभर पुरतो. आणि टाकीचं झाकण घरी विसरू नका.