ओपिनेल क्रमांक ८: रोजच्या कामाचा घडीचा चाकू, घ्यावा का आणि कोणत्या पात्याचा?

कामाला मजबूत चाकू हवा म्हटलं की लोक आधी पात्याची जाडी बघतात. पण चाकूला दिवसभरात खरंच काय कापावं लागतं? खोक्यांची टेप, प्लॅस्टिकची पट्टी, सुतळी, नायलॉनची दोरी, खताच्या गोणीची शिवण, वायरचं आवरण, ठिबकची नळी. यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही. पातळ पातं कमी जोरात कापतं, आणि जोर कमी लावावा लागला की चाकू सटकून हातावर यायची भीतीही कमी. या एका कारणासाठी ओपिनेल क्रमांक ८ हा घडीच्या चाकूंत आमच्या मते सगळ्यात कामाचा आहे. त्याचे दोष मात्र नीट समजून घेऊनच तो घ्यावा.

फ्रान्सच्या सावोआ भागात, आल्प्सच्या डोंगरात, जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू शेतकऱ्यांसाठी बनवला. क्रमांक ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर, उघडल्यावर एकूण लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. पात्याची पाठ दोन मिलिमीटरसुद्धा नाही. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, त्यामुळे खिशात असल्याचं जाणवतही नाही. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, गोल आणि मध्ये फुगीर. तासभर सलग दोऱ्या कापल्या तरी तळव्यात कुठे कोपरा रुतत नाही.

सगळा चाकू पाच भागांचा आहे: पातं, मूठ, खीळ, आतलं पक्कं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं. हे फिरतं कडं १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने आणलं आणि तेच या चाकूचं लॉक आहे. कड्याला एक फट असते. फट मुठीच्या खोबणीसमोर असेल तर पातं मोकळं फिरतं. पातं उघडून कडं अंगठ्याने बाजूला फिरवलं की त्याची कड पात्याच्या बुंध्याला अडते आणि पातं मिटत नाही. ही कड तिरकी असल्यामुळे जेवढं फिरवाल तेवढं घट्ट बसतं. वापराने थोडी झीज झाली तर कडं जरा पुढे फिरवलं की काम भागतं. लायनर लॉकमध्ये (मुठीच्या आतली स्प्रिंगसारखी पत्री पात्यामागे अडकते) असलेल्या पातळ पत्रीपेक्षा ही रचना भरवशाची आहे, कारण यात स्प्रिंगच नाही. २००० पासून हेच कडं चाकू बंद असतानाही लावता येतं, म्हणजे पातं खिशात उघडत नाही.

पण हे लॉक आपोआप लागत नाही, ते दर वेळी हाताने लावावं लागतं. चाकू उघडायलाही दोन्ही हात लागतात. शिडीवर एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने काम करणाऱ्याने हा चाकू घेऊच नये.

कड्यात खोक्यांचा भुसा आणि बारीक रेती शिरते, मग ते करकरतं. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून घासा, पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल सोडलं तर त्यावर धूळ आणखी चिकटते. कडं ढिलं झालं तर सर्क्लिप प्लायरने (कडं फाकवून काढायची पक्कड) काढून किंचित आवळा आणि परत बसवा. काढताना गरजेपेक्षा जास्त फाकवलं तर ते कायमचं ढिलं होतं.

आता खरी अडचण, लाकडाची. पावसाळ्यात मूठ दमट होते, लाकूड फुगतं, खोबणीच्या भिंती पात्याला चावतात आणि नखाने ओढूनही पातं निघत नाही. अशा वेळी मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं. झटक्याने पात्याचं टोक बाहेर डोकावतं. सावोआचे लोक हेच करतात. पण ही तात्पुरती सोय झाली. कायमचा उपाय कोरड्या दिवसांत करायचा: १२० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून खोबणीच्या दोन्ही भिंतींवरून हलक्या हाताने फिरवा, मुठीवरचं व्हार्निश घासून काढा आणि अळशीचं कच्चं तेल चोळा. व्हार्निश तसंच ठेवलं तर तेल फक्त सांध्यापाशी शिरतं, बाकी मूठ कोरडीच राहते. तेल पातळ लावा, जास्तीचं पुसून घ्या, काही दिवस वाळू द्या, मग दुसरा हात द्या. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा.

एवढं करूनही कोकणात आषाढ-श्रावणात थोडा त्रास राहतोच. भाताच्या खाचरात किंवा होडीवर वापरायचा असेल तर याच क्रमांकाचा प्लॅस्टिकच्या मुठीचा आउटडोअर प्रकार घ्या. त्याचं पातं स्टेनलेस आणि अर्धं दातेरी असतं. दाते ओल्या दोरीला उत्तम, पण घरच्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही.

पातं कार्बनचं की स्टेनलेस? पात्यावर ‘कार्बोन’ किंवा ‘इनॉक्स’ असा फ्रेंच छाप असतो, तो बघून घ्या. कार्बनच्या पोलादाला धार लवकर चढते आणि दगडावर कमी वेळ जातो. पण लिंबू, कांदा, कैरी कापली की पातं निळसर-काळं पडतं. ते काळं पडणं चांगलं, त्याने गंज थोडा रोखला जातो. लालसर गंज मात्र लगेच घासून काढावा लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आणि रोज पुसायची सवय असेल तर कार्बन घ्या. मुंबई, कोकण, गोवा इथे किंवा घामेजल्या खिशात ठेवायचा असेल तर इनॉक्सच. इनॉक्सचं पोलाद स्वीडिश १२सी२७ जातीचं आहे, आणि रोजच्या कामात दोन्हींच्या धारेतला फरक फारसा जाणवत नाही.

धार पाजवताना पातं दगडावर दर बाजूला साधारण २० अंशांत धरा, म्हणजे पाठ दगडापासून सहा मिलिमीटरच्या आसपास वर. हजार नंबरचा दगड पुरे. धारेला खाच पडली असेल तरच खरखरीत दगड वापरा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेवर पूर्ण लांबीभर बारीक बूर (घासल्याने कडेवर वळलेला धातूचा खरखरीत काठ) अंगठ्याला लागली की बाजू पलटा. ही बूर टोकापाशी बहुतेकदा येतच नाही, कारण तिथे वळण असतं आणि हात तसाच सरळ जातो. टोकाकडे जाताना मूठ किंचित उचला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत बूर काढून टाका. रस्त्यावरच्या फिरत्या शाणेवर हे पातं देऊ नका. पातळ पोलाद तापून निळं पडतं आणि तेवढ्या भागात धार टिकत नाही.

ओपिनेल मोडतो तो कापताना नाही, उचकटताना. खोक्याची पिन टोकाने उपसली की टोक तुटतं. लाकूड फोडायला पाठीवर हातोडा मारला की खीळ वाकते आणि पातं डावी-उजवीकडे हलू लागतं. ही खीळ रिव्हेट केलेली आहे, स्क्रू नाही, त्यामुळे आवळता येत नाही. पीव्हीसी पाइपमध्ये पातं पिळू नका, तांब्याची तार कापू नका. असलीच कामं जास्त असतील तर अमेरिकन बक ११० बघा. १९६४ पासून बनतो, लॉक पाठीत आहे, पितळी टोकांमुळे दणकट, पण वजन दोनशे ग्रॅमच्या घरात आणि किंमतही बरीच जास्त. करवत आणि टोच्या हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्स फार्मर चांगला, पण त्याच्या पात्याला लॉक नाही.

कायद्याबद्दल: २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. क्रमांक ८ त्याच्या खूप खाली आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश असेल तर चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. अशा दिवसांत तो हत्यारांच्या पेटीतच ठेवा.

विकत घेताना पातं बंद करून वरून बघा, ते खोबणीच्या मधोमध बसलं पाहिजे. उघडून, कडं लावून पातं बाजूला हलवा, खुळखुळ नको. पाठ टेबलाच्या कडेवर हळूच दाबा, कडं जागचं सरकलं तर तो नग परत द्या. मुठीवरच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ जाणाऱ्या हव्यात. आडव्या रेषांची मूठ कड्यापाशी चिरते.