बाबांची स्पीच थेरपी आणि आरोग्यविमा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा सात दिवस रुग्णालयात ठेवलं होतं. तिथलं बिल कॅशलेसमध्ये व्यवस्थित मिटलं, त्याबद्दल कंपनीबाबत माझी काहीच तक्रार नाही. खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. उजवा हात महिन्याभरात बराच हलायला लागला, पण बोलणं परत येईना. समोरच्याचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळायचं, शब्द मात्र फुटायचा नाही. याला अफेझिया म्हणतात. बहुतेकदा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्याने हे होतं, आणि त्यावर मुख्य इलाज म्हणजे स्पीच थेरपी. थेरपी लांबलचक असते, खर्च दर आठवड्याला असतो. तो विम्यातून मिळतो का, हे शोधताना जे कळलं ते सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही.

आमची पॉलिसी साधी आहे, डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा खर्च परत देणारी. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीतही ६० दिवसच असतात. काही पॉलिसींत ९० किंवा १८० दिवस मिळतात. हे दिवस डिस्चार्जच्या तारखेपासून मोजले जातात, पहिल्या सेशनपासून नाही. आम्ही 'बोलणं येईल हळूहळू' म्हणत थांबलो आणि पहिलं सेशन एकोणिसाव्या दिवशी झालं. ते अठरा दिवस असेच गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

आठवड्याला तीन याप्रमाणे त्या मुदतीत १७ सेशन्स झाली. थेरपी संपायची वाट न बघता ६० दिवस भरल्या भरल्या कागद पाठवले, कारण त्यालाही मुदत असते. आरोग्य संजीवनीत ती १५ दिवसांची आहे. मूळ बिल कॅशलेस झालेलं असलं तरी हा नंतरचा खर्च आपण आधी भरायचा आणि मग मागायचा, म्हणजे वेगळा फॉर्म, वेगळी पावती, रद्द केलेला चेक, सगळं पुन्हा.

पहिली क्वेरी आली बिलावरून. थेरपिस्ट मॅडमनी एकाच पावतीवर 'स्पीच थेरपी, ८ सेशन्स' असं लिहून दिलं होतं. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला, प्रत्येक सेशनची तारीख हवी होती, आणि मॅडमचा नोंदणी क्रमांकसुद्धा. स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याखाली, आणि त्यांना सीआरआर क्रमांक मिळतो. तो लेटरहेडवर नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. मॅडमना यात काहीच वावगं वाटलं नाही, त्यांनी लगेच शिक्का बनवून घेतला.

दुसरी अडचण मोठी होती. पत्र आलं : 'ओपीडी उपचार, पॉलिसीत अंतर्भूत नाही.' आई म्हणाली, सोड आता, जाऊ दे. पण मी पॉलिसीची पूर्ण प्रत काढून बसले. डिस्चार्जनंतरच्या खर्चाला त्यात दोनच मुख्य अटी होत्या : खर्च त्याच आजाराचा हवा ज्यासाठी दाखल केलं होतं, आणि मूळ क्लेम मंजूर झालेला हवा. घरी आलेला माणूस उपचार घेणार तो ओपीडीतच! तेवढ्यावरून नाकारायचं तर हे कलम ठेवलंय कशाला? शिवाय विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते, आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नाकारताच येत नाही. एवढंच शांतपणे लिहून तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं.

तरी आमच्या बाजूनेही एक कच्चा दुवा होता, तो सांगायलाच हवा. विम्याच्या व्याख्येत वैद्यकीय खर्च म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेला खर्च, आणि थेरपिस्ट त्या अर्थाने डॉक्टर नाहीत. डिस्चार्ज समरीत फिजिओथेरपीचा उल्लेख होता, बोलण्याचा एक शब्द नव्हता. आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे परत गेलो. त्यांनी जुन्या नोंदी बघून लिहून दिलं की या पक्षाघातामुळेच अफेझिया झाला आहे, तो दाखल असतानाच नोंदवला होता, आणि आठवड्याला तीन वेळा स्पीच थेरपी आवश्यक आहे. त्या अर्ध्या पानाने काम झालं. १७ पैकी १७ सेशन्स मंजूर झाली, फक्त मॅडम घरी यायच्या त्या दिवसांचा प्रवासखर्च कापला. तो कापणं मला योग्यच वाटतं.

एवढं होऊनही नकारच आला असता तर पुढची पायरी विमा लोकपाल होती. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत.

आता मला खरोखर खुपतं ते सांगते. मॅडम 'एक, दोन, तीन' सुरू करून द्यायच्या आणि बाबा अडखळत का होईना, दहापर्यंत जायचे. पण पाच बोटं दाखवून 'किती?' विचारलं की ओठ हलायचे, आवाज नाही. मग ते स्वतःच पुटपुटत एकपासून सुरू करायचे आणि पाचवर थांबायचे. थेट 'पाच' हा शब्द आला पाचव्या महिन्यात. तोवर विम्याची मुदत संपून तीन महिने झाले होते. वाचा परत यायला जो वेळ लागतो, त्याचा या ६० दिवसांशी काही मेळच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कायमस्वरूपी अफेझियाचा समावेश वाणी आणि भाषा दिव्यांगत्वात आहे, मग पॉलिसीत फिजिओथेरपीच्या शेजारी स्पीच थेरपी हे दोन शब्द का लिहिलेले नसावेत? आमच्या ओपीडी रायडरमध्येही (मूळ पॉलिसीला जोडलेल्या पूरक संरक्षणात) ते नाहीत. त्यामुळे ६१ व्या दिवसापासूनचा सगळा खर्च आम्हीच करतोय.

लहान मुलांच्या पालकांची अवस्था तर आणखी कठीण. उशिरा बोलणाऱ्या मुलाला रुग्णालयात दाखल करायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे आमच्यासारख्या पॉलिसीत क्लेम सुरूच होत नाही. मूल स्वमग्न असेल किंवा सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांपैकी काही असेल, तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना जरूर बघा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीसाठी त्यात वेगळी मर्यादा ठेवलेली आहे. बाबांना ती लागू होत नाही.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. १८० दिवसांच्या पॉलिसीत पोर्ट करायचं, म्हणजे विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं मनात होतं, पण पक्षाघाताची नोंद बघून नवी कंपनी नकार देऊ शकते, आणि अर्जही नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी करावा लागतो. म्हणून हीच चालू ठेवतेय. पाचपैकी तीन गुण, तेही तक्रार अधिकाऱ्याने नऊ दिवसांत स्वतः फोन केला म्हणून. माझ्या स्वतःच्या पॉलिसीत मात्र डिस्चार्जनंतरचे दिवस वाढवून घेतलेत.