पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड: उन्हात पारखलेली पूड

हैदराबादजवळील पटानचेरू येथे औषधनिर्मितीच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि अशा पाण्यावर उन्हाचा उपाय शोधणाऱ्यांनी पहिल्यांदा हाती घ्यावे असे उत्प्रेरक, माझ्या मते, आजही ‘पी-२५’ हेच आहे. या पांढऱ्याशुभ्र पुडीत सुमारे ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि उरलेला बहुतांश रुटाइल असतो; ही टायटॅनियम डायऑक्साइडचीच दोन स्फटिकरूपे. दोन्ही रूपे एकमेकांना चिकटून असल्यामुळे प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेली विवरे (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) लगेच परस्परांत विरत नाहीत, आणि त्यांच्यापासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय क्रियाशील कण प्रतिजैविकाचा रेणू तोडू लागतात. एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. पूड स्वस्त आहे, टिकाऊ आहे.

तिची मोठी उणीव म्हणजे ती मुख्यतः ३८७ नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाशच वापरते, जो उन्हात जेमतेम ५ टक्के असतो. याउलट, युरिया किंवा मेलामाइन तापवून मिळणारे पिवळसर कार्बन नायट्राइड हे पर्यायी उत्प्रेरक सुमारे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. शिवाय पी-२५ चे कण इतके सूक्ष्म असतात की साध्या गाळणकागदातून ते निसटतात, म्हणून पूड काचेवर बसवून वापरणे मला अधिक पटते.

खरेदीदारांनी केवळ मूळ औषध नाहीसे झाल्यावर समाधान न मानता पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनही मोजावा, कारण तुटलेले तुकडे पाण्यातच राहिलेले असू शकतात.