प्लायची होडी आणि फोमची होडी: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या चोडण बेटावर आमच्या घरामागच्या मांगरात एकापाठोपाठ एक अशा दोन होड्या बांधून झाल्या. एक माझी, मरीन प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवून आणि सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव कालवल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरून केलेली. दुसरी माझ्या मेव्हण्यांची, पीव्हीसी फोमच्या गाभ्यावर आतून-बाहेरून फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचेचे कापड, चढवलेली. लांबी दोन्हींची पंधरा फूट, आराखडा जवळपास एकच आणि कामही एकच: सकाळी कांदळवनाच्या कडेने पाहुण्यांना पक्षी दाखवणे आणि संध्याकाळी गळ टाकून बसणे. चौदा महिने, मधल्या पावसाळ्यासह, दोन्ही होड्या शेजारी-शेजारी बांधलेल्या असल्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

फोम घेताना मेव्हण्यांचे मुख्य कारण होते वजन. कोरा फोम हातात घेतल्यावर ते कारण कोणालाही पटावे. घनमीटरला 80 किलो घनतेच्या, 12 मिलिमीटर जाडीच्या फोमचा एक चौरस फुटाचा तुकडा आम्ही काट्यावर ठेवला तर तो 90 ग्रॅम भरला. 6 मिलिमीटर प्लायचा तेवढाच तुकडा 335 ग्रॅम. पण कोऱ्या फोमने होडी होत नाही. त्यावर बाहेरून दोन आणि आतून एक असे बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेल्या, कापडाचे थर बसले, फोमच्या पृष्ठभागावर कापल्यामुळे उघड्या पडलेल्या छिद्रांनी आपल्या वाट्याचे रेझिन पिऊन घेतले आणि तोच तुकडा 420 ग्रॅमवर गेला. प्लायच्या तुकड्याला बाहेरून एक पातळ कापड आणि आतून इपॉक्सीचा हात पुरला, तो 400 वर थांबला. फोमच्या होडीला आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या कमी लागल्या म्हणून पूर्ण होडी आठेक किलोंनी हलकी झाली, एवढाच काय तो फायदा. आणि साहित्याचा खर्च मात्र माझ्या होडीच्या दुपटीहून अधिक आला.

बाहेरचा थर याहून पातळ ठेवता आला असता, असे कोणी म्हणेल. शांत तळ्यात आला असता. आमच्याकडे धक्का चिऱ्याचा, त्यावर कालवांचे धारदार थर आणि फेरीबोटीची लाट दिवसभर होडीला त्याच धक्क्यावर आपटणार. लहान होडीत फायबरच्या थराची जाडी ताकदीच्या हिशेबापेक्षा अशा मारावर ठरते आणि फोमचा हलकेपणा तिथेच खर्ची पडतो. ताठपणात मात्र फोमला तोड नाही, हे मान्य केले पाहिजे. जाडी दुप्पट झाली की ताठपणा साधारण आठपट होतो, या नियमामुळे मेव्हण्यांच्या होडीचा तळ उभे राहून चालले तरी जराही लवत नाही. माझ्या होडीत पट्ट्यांच्या मधली जागा पायाखाली किंचित दबते.

पावसाळ्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोमच्या होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोर बांधण्याची कडी थेट सँडविचमधून, म्हणजे फायबर-फोम-फायबर या थरांतून, बोल्ट घालून बसवली होती. तिथला फोम काढून आधी प्लायचा ठोकळा घालायला हवा होता, निदान भोक मोठे करून त्यात घट्ट इपॉक्सी भरायला हवे होते. नट आवळताना आतला थर थोडा खाली बसला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. दसऱ्याच्या सुमारास मी पाच रुपयांच्या नाण्याने नाळेवर टकटक करून पाहिली. बाकी सगळीकडे टणक, स्वच्छ आवाज येत होता आणि कडीभोवती वीतभर भागात मात्र पिकलेल्या फणसावर बोट मारावे तसा. आमचे मेस्त जन्मभर लाकडी होड्या दुरुस्त करत आलेले, त्यांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, "बाब, पाणी कुठवर गेलंय ते कळायला ही सगळी कातडी सोलावी लागणार." खरोखरच सोलावी लागली. ग्राइंडरने फायबर काढले, ओला भाग आठवडाभर सुकवला, प्लायचा ठोकळा बसवला आणि पुन्हा थर चढवले. बंद पेशींच्या फोममध्ये पाणी दूर पसरत नाही म्हणून नुकसान तेवढ्यावर निभावले.

माझ्या होडीनेही त्रास दिला. मागच्या फळीची एक कड मी इपॉक्सीने नीट भिजवली नव्हती. जुलैच्या अखेरीस ती काळवंडली आणि फुगली. पण ती दिसली. एका रविवारी खरवडून, सुकवून, नवी पट्टी चिकटवून काम संपले. तळाशी साचणारे पावसाचे गोडे पाणी लाकडाला खाऱ्यापेक्षा अधिक घातक, कारण कुजवणारी बुरशी गोड्या ओलीत जोमाने वाढते; म्हणून पावसात होडी पालथी ठेवणे हा माझ्या घरचा नियम झाला आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जीव, ज्याला सगळे किडा म्हणतात पण जो शिंपल्याच्या कुळातला आहे, त्याच्यासाठी जुने लोक काजूच्या टरफलांचे तेल लावत. मला बाहेरचे फायबर पुरले.

प्लाय घेताना आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहावा, पण त्यावर विसंबू नये. त्यातली 72 तास उकळण्याची चाचणी डिंकाची परीक्षा घेते. आतल्या थरांतल्या पोकळ्या तिच्यात सापडत नाहीत. मी घेतलेल्या एका तावात कापल्यावर बोट जाईल एवढी फट निघाली आणि दुकानदाराने तो परत घेतला नाही.

हवामानाचा जाच दोघांनाही सारखाच झाला. एप्रिलच्या दुपारी मगभर कालवलेले इपॉक्सी हातातच धुमसून दगड झाले, तेव्हापासून आम्ही ते पसरट ताटात ओततो. जूनमध्ये त्यावर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. मेव्हण्यांनी हौसेने दिलेला गडद निळा रंग पहिल्याच उन्हाळ्यात नडला: उन्हात तापून रेझिन मऊ पडले आणि कापडाची वीण बाहेर उमटली. आता ती होडी पांढरी आहे.

या सगळ्यात एक तिसरा मार्ग आहे आणि तो आमच्या शेजारच्या दिवाडी बेटावरच वापरला गेला. नौदलाची म्हादेई ही 56 फुटी शिडाची नौका तिथे बांधली गेली ती लाकडी गाभ्यावर फायबर चढवून, आणि 2009-10 मध्ये नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. लाकूड आणि फायबर यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

पंधरा-सोळा फुटांपर्यंत मी प्लायच घेईन. मेव्हण्यांच्या मनात आता छप्पर असलेली अठ्ठावीस फुटी बोट आहे आणि तिच्यासाठी मी स्वतःच फोम सुचवला आहे, कारण तेवढ्या लांबीत थरांचे वजन गाभ्याच्या फायद्याला गिळत नाही. आराखडा मांगरातल्या भिंतीवर लावला आहे; जिथे जिथे बोल्ट येणार तिथे लाल पेन्सिलीने चौकोन काढून आत ‘प्लाय’ असे मेव्हण्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.