ऑक्सिजन मीटर: तळ्याला ठीक, शिंपल्याला नाही

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर घेतलं, 6,500 रुपयांना. ‘बर्री सर’ (कन्नडमध्ये ‘या सर’) म्हणत दुकानदारानं बसवलं, चहा मागवला. "मत्स्यशेतीवाले हेच नेतात," म्हणाला. खोटं नाही बोलला. माझं काम तळ्याचं नव्हतं, एवढंच.

नात एमएस्सी झूलॉजीला. तिच्या डोक्यात सध्या झेब्रा शिंपला: मूळ काळ्या-कास्पियन समुद्राकडचा, 1980च्या दशकात जहाजांतल्या पाण्याबरोबर अमेरिकेच्या महासरोवरांत शिरला आणि पाण्याचे पाइप बुजवून बसला. एकाच मापाचे दोन शिंपले ऑक्सिजन सारखा खात नाहीत, त्यात जनुकांचाही वाटा असतो, असं ती सांगते. समुद्रातल्या निळ्या शिंपल्यांवर जुनं काम आहे. आईकडून एक आणि बापाकडून वेगळं जनुकरूप आलेल्यांच्या अंगात प्रथिनांची मोडतोड-बांधणी कमी, म्हणून नुसतं जगायला ऑक्सिजन कमी लागतो; वाचलेली ऊर्जा वाढीला. "सगळ्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही हं आजोबा," हे तीनदा बजावून झालंय.

जनुकं मला कुठली तपासता येणार! पण शिंपल्या-शिंपल्यात फरक तरी दिसतो का बघू म्हटलं. झेब्रा इथं कुठला, खानापूरहून मलप्रभेतले सहा देशी शिंपले आणले.

पहिला घोळ उंचीचा. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर. 25 अंशांना समुद्रसपाटीला पाण्यात लिटरमागे 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, इथं साधारण 7.5. मीटरमध्ये उंची भरायची सोयच नाही, ते आपलं 8.26च दाखवतं. विंकलर पद्धतीनं टायट्रेशन (रसायनं थेंबथेंब घालून ऑक्सिजन मोजायची जुनी रीत) करून पाहिलं तेव्हा खात्री पटली. आयुष्यभर पोरांकडून ते करून घेतलंय, हात अजून बसलेला आहे.

हा घोळ गुणाकारानं सुटला असता. दुसरा सुटेना. या मीटरच्या प्रोबच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या कांडीच्या, टोकाला पातळ पडदा असतो आणि मोजता मोजता प्रोब स्वतःच थोडा ऑक्सिजन खातो. नुसत्या पाण्याच्या बंद बरणीतसुद्धा आकडा उतरत गेला! म्हणून प्रोबजवळचं पाणी हलतं ठेवावं लागतं. हलवलं की शिंपला टपकन मिटतो, आणि मिटलेला शिंपला ऑक्सिजन घेतो जेमतेम. म्हणजे आकड्यातला फरक शिंपल्याचा, की त्याच्या रुसव्याचा, की मीटरचा?

तळ्यावर पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात का बघायचं असेल तर बिनधास्त घ्या. एकेका शिंपल्याचा श्वास मोजायचा तर प्रकाशावर चालणारा प्रोब बघा. महाग आहे, पण ऑक्सिजन खात नाही. पडदा फाटला तेव्हा दुकानदारानं पैसे न घेता बदलून दिला.

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक चहाचा. शिंपले रविवारी मलप्रभेत परत सोडले.