हिब्रू कॅलेंडरचं अ‍ॅप: हिशोब पक्का, पण समजावून सांगायचा कंटाळा

हिब्रू कॅलेंडरचं (ज्यू लोकांचं पंचांग) कुठलंही अ‍ॅप टाकलं की मी आधी अदार महिना उघडते, कारण गडबड झालीच तर तिथंच होते. १९ वर्षांत ७ वेळा ज्यूंना तेरावा महिना घ्यावा लागतो, आपल्या अधिकमासासारखंच, नाहीतर महिने चंद्राचे असल्याने पेसाह हा त्यांचा सण सरकत सरकत वसंत ऋतूच्या बाहेर जाईल. फक्त इथं जादा महिना दरवेळी अदारच, पहिला अदार ३० दिवसांचा आणि दुसरा २९ चा. या अ‍ॅपमध्ये ५७८७ टाकून बघितलं (१२ सप्टेंबर २०२६ ला सुरू होतंय), दोन्ही अदार आले, पुरीमचा सण बरोब्बर दुसऱ्या अदारच्या १४ ला, आणि वर्ष ३८५ दिवसांचं. शाब्बास!

हेश्वान आणि किस्लेव पण नीट आहेत. हे दोन महिने कधी २९ चे कधी ३० चे असतात, कारण रोश हशाना (नववर्षाचा दिवस) रविवार, बुधवार, शुक्रवारी येऊ द्यायचं नसतं, बुधवारी आलं तर योम किप्पुर (मोठ्या उपासाचा दिवस) शुक्रवारी पडून शब्बाथला (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) चिकटतो आणि शुक्रवारी आलं तर रविवारी, म्हणजे तरी चिकटतोच. किस्लेव २९ चा असला की हनुक्काचा आठ दिवसांचा सण २ ऐवजी ३ तेवेतला (किस्लेवनंतरचा महिना) संपतो, अ‍ॅपला हे पण कळतं.

आता वैताग. पुण्यतिथीचं रिमाइंडर लावायला गेलं की हे अ‍ॅप काहीच विचारत नाही, स्वतःच ठरवून मोकळं. साध्या वर्षी अदारमध्ये कोणी गेलं असेल तर लीप (तेरा महिन्यांच्या) वर्षात अश्केनाझी (मूळचे मध्य-पूर्व युरोपातले ज्यू) लोक बहुतेक पहिला अदार धरतात, सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू) दुसरा, मग निदान ऑप्शन तरी द्या ना! ३० हेश्वानचं तेच, ज्या वर्षी ती तारीखच नसते त्या वर्षी गुपचूप १ किस्लेव करून टाकतं, पण काही वेळा २९ हेश्वान धरायचं असतं. घरच्यांसाठी ही केवढी महत्त्वाची गोष्ट, आणि एक ओळीची सूचना पण नाही.

महिन्यांची यादी निसानपासून सुरू होते, तोराहप्रमाणे (ज्यूंचा धर्मग्रंथ) पहिला महिना तोच त्यामुळे चूक नाही, पण वर्षाचा आकडा बदलतो सातव्या महिन्यात, तिश्रीला. म्हणजे ५७८७ चा किस्लेव आधी येतो आणि ५७८७ चा निसान नंतर, नवा माणूस इथं हमखास गोंधळणार.

सूर्यास्तानंतर तारीख आपोआप पुढे जाते हे मस्त, दिवस संध्याकाळीच सुरू होतो ना यांचा, फक्त लोकेशन चालू ठेवा नाहीतर वेळ भलतीच दाखवतं. सणांच्या तारखा बघायला बिनधास्त घ्या, पुण्यतिथीची तारीख मात्र सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) विचारून मगच टाका. ३.५ स्टार.